रातकिड्यांची गुणसूत्रं आणि प्रजातींची फारकत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीनची बनीम हलवली की खालून काळे रातकिडे सैरावैरा पळतात. त्यातले चार-दोन बाटलीत धरून दर वर्षी बी. एस्सी.ची मुलं आमच्या सूक्ष्मदर्शकापाशी येतात. त्या एका दुपारनंतर पुढे कितीतरी महिने फोनवर प्रश्न येत राहतात. परभणी, लातूर, बीड, नांदेडकडून शेतकऱ्यांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचेही येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, गुणसूत्र म्हणजे नेमकं काय? आणि ते मोजून काय कळतं?

पेशीतला डीएनएचा धागा फार लांब असतो. पेशी विभागायच्या वेळी तो गुंडाळून, आवळून त्याच्या जाड गुंड्या होतात. त्या गुंड्या म्हणजे गुणसूत्रं. एरवी ती वेगवेगळी दिसत नाहीत, म्हणून मोजायची तर विभागणारीच पेशी गाठावी लागते. माणसाची ४६ ही बरोबर संख्यासुद्धा १९५६ साली ठरली. तोवर पुस्तकांत ४८ छापलेलं असायचं.

संख्येवरून किती जनुकं आहेत ते मात्र कळत नाही. पोथी एका बासनात बांधली काय न् तीन बासनांत काय, ओव्या तेवढ्याच. गुणसूत्रांचा आकडा म्हणजे बासनांचा आकडा. एवढं पक्कं धरलंत तर पुढची निम्मी उत्तरं आपोआप सुटतील.

२. आपल्या शिवारातल्या रातकिड्याला किती गुणसूत्रं असतात? नर-मादीचा आकडा वेगळा का येतो?

पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके असलेला काळा रातकिडा तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्या मादीला ३० आणि नराला २९ गुणसूत्रं असतात. मोजताना चूक झाली म्हणून मुलं पुन्हा पुन्हा मोजतात, पण चूक झालेली नसते. माणसात पुरुषाला एक्स आणि वाय ही लिंग ठरवणारी दोन गुणसूत्रं असतात. रातकिड्यात वाय नसतंच. मादीला दोन एक्स, नराला एकच. म्हणून नराचा आकडा विषम. नराच्या निम्म्या शुक्रपेशींत एक्स जातं, निम्म्यांत जात नाही, आणि पिल्लू नर की मादी हे त्यावर ठरतं.

बहुतेक रातकिड्यांत हीच पद्धत आहे, आकडे मात्र बदलतात. घरातल्या भुरकट रातकिड्याची मादी २२, नर २१. ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या टेलिओग्रायलस ओशियानिकसची मादी २८, नर २७. हवाई बेटांवरच्या लाऊपाला या बारीक रातकिड्यांची मादी १६, नर १५.

नर-मादी ओळखायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. मोठ्या झालेल्या मादीच्या पाठीमागे अंडी घालायची लांब सुई असते. किरकिरतो तो नर, आणि तो पाय घासून नव्हे, पुढचे पंख एकमेकांवर घासून किरकिरतो.

३. हा एक्सचा शोध माणसात लागला ना?

नाही, किड्यांत लागला. १८९१ साली हेरमान हेंकिंग या जर्मन संशोधकाला एका लाल ढेकणासारख्या किड्याच्या शुक्रपेशी तयार होताना एक गुणसूत्र एकटंच एका बाजूला जाताना दिसलं. हे काय आहे ते उलगडेना, म्हणून त्यानं त्याला 'एक्स' म्हटलं. त्याचा संबंध लिंगाशी असावा हे अमेरिकन संशोधक मॅकक्लंग यांनी १९०२ मध्ये मांडलं, तेही नाकतोड्यांवर काम करून. आनुवंशिकतेचे घटक गुणसूत्रांवरून पुढच्या पिढीत जातात हा विचार वॉल्टर सटन यांना सुचला तो मोठ्या जातीच्या एका नाकतोड्याची गुणसूत्रं पाहताना. या कुळातल्या किड्यांची गुणसूत्रं मोठी आणि मोजायला सोपी असतात. आमचा भर रातकिड्यांवर आहे तो त्यामुळेच.

४. गुणसूत्रांची संख्या बदलते तरी कशी?

मुख्यतः दोन गुणसूत्रं टोकाशी जुळून एक होतं, किंवा एकाची दोन होतात. जुळण्याच्या या प्रकाराला 'रॉबर्टसनी जोड' म्हणतात. रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये तो नाकतोड्यांच्या कुळात दाखवून दिला. आपल्या पोथीच्या भाषेत, दोन बासनं एकत्र शिवली.

गोठ्यातलं उदाहरण घ्या. गायीला ६० गुणसूत्रं, आपल्या म्हशीला ५०. गायीच्या गुणसूत्रांच्या पाच जोड्या म्हशीत दुसऱ्या पाच जोड्यांना चिकटलेल्या आहेत. एक जोड झाला की एकूण संख्या दोनाने घटते. पाच जोड, दहा कमी, राहिली ५०. शेळीला ६०, मेंढीला ५४, म्हणजे तिथे तीन जोड. माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्रही असंच जोडातून आलेलं आहे. चिंपांझीत ते दोन तुकड्यांत आहे, म्हणून त्याला ४८ आणि आपल्याला ४६.

संख्या तशीच राहूनही मांडणी बदलू शकते. मधला तुकडा सुटून उलटा बसतो, किंवा एकाचा तुकडा दुसऱ्यावर जातो. पानं तेवढीच, पण मधली दहा पानं उलट्या क्रमाने बांधली गेली. हा उलटा तुकडा प्रश्न ८ मध्ये पुन्हा येईल.

५. म्हणजे संख्या वेगळी झाली की प्रजाती वेगळी, असंच ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि यावर मी दर वेळी थांबून बोलतो. नाही, तसं नाही. दोन्ही बाजूंनी नाही.

गायीला ६०, शेळीलाही ६०. म्हणून देवणी गाय आणि उस्मानाबादी शेळी एक झाल्या का? दुसरीकडे पाळीव घोड्याला ६४ आणि मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की या रानघोड्याला ६६. त्यांच्या संकराला ६५ येतात, म्हणजे विषम, तरी त्याला पुढे शिंगरं होतात. आपल्याकडच्या मराठवाडी, पंढरपुरी म्हशींना ५०, तर आग्नेय आशियातल्या दलदलीतल्या म्हशींना ४८. त्यांच्या ४९ वाल्या संकरालाही वासरं होतात.

प्रजाती ठरते ती दोन समूहांमधली जनुकांची देवाणघेवाण थांबण्यावरून. ती कशानेही थांबू शकते. गाणं जुळत नाही, हंगाम जुळत नाही, गर्भ टिकत नाही, पिल्लू वांझ निघतं. गुणसूत्रांची मांडणी हे त्यातलं एक कारण असतं, कधी मोठं, कधी अगदी किरकोळ. परीक्षेच्या उत्तरात 'गुणसूत्र संख्या भिन्न म्हणून प्रजाती भिन्न' असं वाक्य दिसलं की मला फार वाईट वाटतं, कारण ते मुलांनी कुठेतरी छापील वाचलेलं असतं.

६. मग माळेगावच्या यात्रेत दिसणाऱ्या खेचराला पिल्लं का होत नाहीत?

घोडीला ६४, गाढवाला ६२, खेचराला ६३. विषम आकड्यामुळे खेचर वांझ, असं सगळीकडे सांगतात. वरचा ६५ वाला घोडा आठवला तर ते उत्तर अपुरं पडतं हे लगेच दिसेल.

शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना आईकडचं प्रत्येक गुणसूत्र बापाकडच्या आपल्या जोडीदाराला लांबीभर बिलगतं. मगच त्यांची नीट वाटणी होते. प्रझेवाल्स्की आणि पाळीव घोड्यात फरक एका जोडाचा आहे. तिथे एक लांब गुणसूत्र समोरच्या दोन आखूड गुणसूत्रांना बिलगतं, तिघांचा संच होतो आणि वाटणी बहुतेक वेळा बरोबर पार पडते. घोडा आणि गाढवात मात्र कितीतरी गुणसूत्रांची मांडणीच बदललेली आहे. जोडीदार सापडत नाही, पेशी पुढे सरकत नाही आणि तिथेच मरते. कुठे क्वचित खेचरीला शिंगरू झाल्याच्या नोंदी आहेत, खेचर नराच्या नाहीत.

७. गाय-म्हैस किंवा शेळी-मेंढी यांचा संकर होतो का? आमच्या गावात झाला म्हणतात.

गाय आणि म्हशीचा होत नाही. शेळी-मेंढीचा गर्भ कधी कधी राहतो, पण बहुतेक वेळा तो पोटातच जातो. जिवंत पिल्लू जन्मण्याची उदाहरणं फार विरळा, आणि त्यांत ५७ गुणसूत्रं मोजलेली आहेत. तुमच्या गावातलं पिल्लू बहुधा वेगळ्या अंगलोटीचं करडू किंवा कोकरू असेल. खात्री हवी तर रक्ताच्या नमुन्यातून गुणसूत्रं मोजता येतात.

८. मांडणी बदलल्याने प्रजाती फुटते ती नेमकी कशी?

आधी यातली अडचण पाहू. समजा एका किड्यात नवा जोड झाला. त्याचा जोडीदार जुन्याच मांडणीचा असणार. त्यांच्या पिलांत वाटणी बिघडली तर पिलं कमी होतील आणि तो जोड दोन-चार पिढ्यांत पुसला जाईल. फारसं बिघडलं नाही तर जोड टिकेल, पण मग दोन समूहांना वेगळं करायचं बळ त्यात नसणार. ऑस्ट्रेलियातल्या पंखहीन नाकतोड्यांवर आयुष्यभर काम केलेले एम. जे. डी. व्हाइट हे गुणसूत्रांमुळेच प्रजाती फुटतात या मताचे होते. त्यांच्यावर आक्षेप आला तो हाच.

लहान, तुटक समूहात मात्र असा जोड निव्वळ योगायोगानेही पसरतो. अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावर माणसांच्या बोटींतून घरातले उंदीर पोचले. मुळात त्यांना ४० गुणसूत्रं. डोंगरांनी तुटलेल्या खोऱ्याखोऱ्यांत हजार वर्षांच्या आत वेगवेगळे जोड होत काही ठिकाणी आकडा २२ वर आला.

उलट्या तुकड्याचं काम वेगळं आहे. जोडीदार बिलगतात तेव्हा त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते. एकाचा तुकडा उलटा असेल तर त्या पट्ट्यात अदलाबदल जवळपास होतच नाही. आता त्या पट्ट्यात एका ठिकाणच्या हवामानाला जुळणारी, विशिष्ट गाण्याची, विशिष्ट आवडीची जनुकं शेजारी-शेजारी असतील, तर दोन समूहांत संकर होत राहिला तरी ती एकगठ्ठा राहतात. गेल्या पंचवीस वर्षांत अभ्यासकांचा कल या स्पष्टीकरणाकडे झुकला आहे. मलाही ते जास्त पटतं, कारण त्यात पहिल्या पिढीचं नुकसान व्हावं लागत नाही.

९. भेकराला सहाच गुणसूत्रं असतात हे खरं?

खरं आहे. भारतीय भेकराच्या मादीला ६ आणि नराला ७. सस्तन प्राण्यांत इतका कमी आकडा विरळा. त्याच्या चिनी भाऊबंदाला ४६ आहेत, आणि दोघं दिसायला जवळचे. एकामागे एक, टोकाला टोक लागत जोड होत गेले. डीएनए मात्र त्या प्रमाणात घटलेला नाही. बासनं शिवत गेली, ओव्या राहिल्या.

१०. रातकिड्यांच्या प्रजाती मग कशामुळे फुटतात?

बहुतेक वेळा गाण्यामुळे. लाऊपालाच्या ३८ प्रजाती हवाई बेटांवर आहेत. डोळ्यांनी पाहून त्या ओळखणं कठीण, पण कानाला लगेच कळतं. एका प्रजातीचा नर सेकंदाला साधारण ०.७ वेळा ठोका देतो, दुसऱ्या एकीचा ३.७ वेळा. माद्या आपल्या ठोक्याकडेच वळतात. पिंजऱ्यात संकर केला तर पिलं धडधाकट, प्रजननक्षम निघतात, आणि त्यांचा ठोका दोघांच्या मधला येतो. म्हणजे गुणसूत्रांची काही अडचण नाही, अडचण कानाची आहे.

इथे एक फार सुंदर गोष्ट सापडली. नराचा ठोका ठरवणारी आणि मादीची आवड ठरवणारी जनुकीय ठिकाणं एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी आहेत. एक बदललं की दुसरंही त्याच्यासोबत पुढच्या पिढीत जातं. या कुळात नव्या प्रजाती किती वेगाने झाल्या ते २००५ मध्ये मोजलं गेलं. दहा लाख वर्षांत चारहून जास्त, हा किड्यांतला तेव्हा माहीत असलेला सर्वाधिक वेग.

गाणं आणि गुणसूत्रं दोन्ही बदलल्याचंही उदाहरण आहे. पुढच्या फावड्यासारख्या पायांनी ओली माती उकरणारा, जमिनीत राहणारा रातकिड्यांचा नातलग आपल्याकडे रोपांची मुळं खातो, तो माहीत असेल. इस्राएलमध्ये त्याची एकच प्रजाती समजली जायची. नेव्हो आणि ब्लाँडहाइम यांना १९७२ मध्ये त्यांत १९ आणि २३ गुणसूत्रांचे दोन समूह मिळाले, आणि त्यांची गाणीही वेगळी निघाली. पुढे त्यांना वेगळी नावं मिळाली.

११. एक्स गुणसूत्राचं नाव सारखं का येतं? त्यात एवढं काय आहे?

नराकडे त्याची एकच प्रत असते, हे त्याचं मुख्य कारण. दोन प्रती असल्या की एकीवरचा दबलेला बदल दुसरीमागे झाकला जातो. एकटी असली की बदल चांगला असो की वाईट, लगेच उघडा पडतो आणि निवडला किंवा काढला जातो.

हवाईतल्या काउआई बेटावर २००३ मध्ये पंखांवरच्या गाण्याच्या दातऱ्या पुसल्या गेलेले, रातकिड्याचे मुके नर सापडले. तिथे एक माशी रातकिड्याच्या किरकिरीवरून माग काढत येते आणि त्याच्यावर अळ्या सोडते. अळ्या त्याला आतून खातात. जो गातो तो मरतो. वीसपेक्षा कमी पिढ्यांत त्या बेटावरचे नव्वद टक्क्यांहून जास्त नर मुके झाले. तो बदल एक्सवरच्या एकाच ठिकाणचा निघाला. दोन वर्षांनी ओआहू बेटावरही मुके नर दिसले, आणि तिथला बदल स्वतंत्रपणे झालेला होता.

अमेरिकेच्या पूर्व भागात ग्रायलस फर्मस आणि ग्रायलस पेन्सिल्व्हॅनिकस या रातकिड्यांच्या दोन प्रजाती एका लांब पट्ट्यात एकमेकींत मिसळतात. तिथेही दोघींमधला फरक एक्सवर जास्त एकवटलेला दिसतो. त्यांच्यात आणखी एक गंमत आहे. पेन्सिल्व्हॅनिकसची मादी आणि फर्मसचा नर यांना पिलं होतात, उलट जोडीला होत नाहीत.

१२. हॉल्डेनचा नियम रातकिड्यांना लागू होतो का?

ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९२२ मध्ये त्यांनी सांगितलं की संकरात एकच लिंग वांझ किंवा दुबळं निघालं, तर ते बहुधा दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असणारं असतं. माणूस, उंदीर, फळमाशी यांत ते नर. एकच एक्स असलेला रातकिड्याचा नरही त्याच गटात मोडतो. म्हणजे वांझ नर निघायला हवा.

टेलिओग्रायलस ओशियानिकस आणि टेलिओग्रायलस कमोडस या रातकिड्यांच्या दोन प्रजातींच्या संकरात नेमकं उलटं होतं. नर प्रजननक्षम, मादी वांझ. पहिला संशय असा की संकरित मादीत दोन प्रजातींची दोन एक्स एकत्र येतात आणि त्यांचं पटत नाही, तर नरात एकच असल्याने भांडण नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन पिढ्यांचे संकर करून हे तपासलं, आणि संशय टिकला नाही. एक्स-एक्समध्ये बिघाड नसून वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच्या जनुकांचं आपसात जमत नाही, असं त्यातून दिसलं. नियमाला अपवाद मिळाला की मुलं नियम खोडून टाकतात. तसं करू नका. बहुसंख्य प्राण्यांत तो टिकतो.

१३. जालन्याच्या कोषबाजारात जातो त्या रेशीमकिड्याचं काय?

त्याला ५६ गुणसूत्रं. जपानमधल्या त्याच्या रानटी भाऊबंदाला ५४, चीनमधल्याला ५६. संख्या वेगळी असूनही त्यांचा संकर चालतो (प्रश्न ५ मधलाच मुद्दा). फुलपाखरं आणि पतंगांत लिंगाची पद्धत उलटी आहे. दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं मादीत असतात, म्हणून हॉल्डेनच्या नियमाप्रमाणे त्यांच्यात अडचण मादीला येते.

त्यांच्या गुणसूत्राला ओढून नेणारा धागा एकाच जागी नाही, लांबीभर लागतो. तुटलं तरी तुकडा हरवत नाही. म्हणून वायव्य आफ्रिकेतल्या एका निळ्या फुलपाखरात आकडा ४५० च्या आसपास गेला आहे. रातकिड्याला ही सोय नाही. त्याच्या गुणसूत्राचा ओढायचा बिंदू एकच, आणि त्याच्याविना राहिलेला तुकडा वाया जातो.

१४. गावरान कापूस २६ आणि सध्याची पऱ्हाटी ५२. प्राण्यांत असं दुप्पट होत नाही का?

होतं, पण फार क्वचित. काही बेडूक आणि माशांत झालेलं आहे. वनस्पतींत ते नेहमीचं. २६ आणि ५२ च्या थेट संकराला ३९ येतात आणि त्याला बी धरत नाही. नांदेड ४४ हा गाजलेला संकरित वाण दोन ५२ वाल्यांचाच आहे.

१५. आम्ही मोजलं तर एकाच प्रजातीच्या दोन नाकतोड्यांत वेगळे आकडे आले. चुकलो का?

नसालही. काही नाकतोड्यांत नेहमीच्या संचाबाहेरची जादा गुणसूत्रं असतात. त्यांना 'बी गुणसूत्रं' म्हणतात. एकात नसतात, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन. मक्यातही असतात. त्यांच्यामुळे प्रजाती बदलत नाही. अहवालात मूळ संच वेगळा आणि जादा वेगळी लिहा.

१६. हे सगळं आम्हाला कॉलेजात प्रत्यक्ष बघता येईल का?

येईल. महाविद्यालयाची परवानगी घ्या आणि एक नर पुरेसा आहे हे लक्षात ठेवा, डझनभर मारायची गरज नाही. नुकता पंख फुटलेला रातकिड्याचा नर घ्या. बर्फावर ठेवून तो पूर्ण निपचित होऊ द्या. पोट उघडलं की दोन फिकट वृषणं दिसतात. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्लात ती ठेवा. मग बारीक तुकडा काचपट्टीवर घेऊन ॲसिटो-ऑर्सिन या रंगाचे दोन थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. वर पातळ काच ठेवा, टीपकागद धरून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा जरासा सरकला तर पेशी फाटतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

आधी कमी वर्धनावर फिरवत फिरवत विभागणाऱ्या पेशींचा घोळका शोधा, मग तेलाचं भिंग लावा. ठिपकेवाल्या रातकिड्यात नीट पसरलेली पेशी मिळाली तर जोड्यांचे १४ गडद आकार दिसतील. कड्या, फुल्या, वाकलेल्या काड्या. त्यांच्यापासून थोडा अलग, जोडीदार नसलेला, एक गडद तुकडा असेल. तो एक्स. शेजारच्याच एखाद्या पेशीत बाकीच्या जोड्या दोन बाजूंना फाकत असतील आणि हा एकटा एका टोकाकडे निघालेला दिसेल.